नटाला बसणारा पाना

परवा शेजारचा मुलगा मोटारसायकल ढकलत आमच्या शेडच्या दारात आला. इंजिन फाउंडेशनचा एक नट निघत नव्हता. खाली बसून बॅटरी मारली, तर नटाचे सहाही कोपरे गुळगुळीत झालेले. नट १२ चा. त्याने घरच्या खोक्यातला १३ चा पाना लावला, तो सटकला म्हणून पक्कड लावली, आणि बोटांची सालटी काढून घेतली. शेवटी छन्नी लावून नट फोडावा लागला. पाच मिनिटांचे काम, त्याला अख्खी दुपार गेली.

दोष त्या पोराचा नव्हता. १२ आणि १३ मधला फरक त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके जुन्या जर्मन पद्धतीत १३ चे असते, जपानी पद्धतीत १२ चे. दहाच्या बोल्टाला जर्मन १७, जपानी १४. बाराच्या बोल्टाला जर्मन १९, जपानी १७. टाटांनी १९५४ साली डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले आणि १३-१७-१९ चे घराणे आपल्या गॅरेजांत रुळले. ऐंशीच्या दशकात मारुती आणि हिरो होंडा आल्या, त्यांच्याबरोबर १०-१२-१४ चे घराणे आले. म्हणून पाने घ्यायला निघालेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, गाडी कोणती? कंपनीचे नाव आणि किंमत नंतर.

दुसरी गोष्ट पान्याच्या तोंडाची, आणि माझ्या मते सगळे तिथेच ठरते. पाना चमकतो किती, मूठ रबराची आहे का, खोके किती देखणे, याला कामात काही अर्थ नाही. नटावर पाना चढवायचा आणि हाताने हलवून पाहायचा. थोडी ढील हवीच, नाहीतर रंग लागलेल्या किंवा किंचित गंजलेल्या नटावर तो चढणारच नाही. पण ती ढील मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांची. याहून जास्त खुळखुळला तर जोर लावताच पाना नटाच्या बाजूंवर न बसता कोपऱ्यांवर बसतो, आणि कोपरा गेला की नट गेला. नटाच्या बाजूवर जोर घेणारी गोट्यांची, म्हणजे सॉकेटची, आणि रिंग पान्यांची घडण अमेरिकेतल्या स्नॅप-ऑन कंपनीने साठच्या दशकात पुढे आणली. पुढे बऱ्याच कंपन्यांनी ती आपापल्या परीने उचलली. आत डोकावले तर कोपऱ्यांशी बारीक गोलाई दिसते. ती दिसली की मी पाना खाली ठेवत नाही.

खंडेनवमीला आम्ही शेडमधली सगळी हत्यारे पुसून पाटावर मांडतो. हळदकुंकू लावताना एक गोष्ट दरवर्षी डोळ्यांत भरते. भिंतीवर शंभरावर नग टांगलेले असतात, पण मुठीशी पॉलिश उडून हाताने गुळगुळीत झालेले असतात फक्त दहा-बारा. रोजचे काम त्यांच्यावरच चालते. म्हणून शंभर नगांच्या स्वस्त खोक्यापेक्षा त्या दहा-बारा नगांवर पैसे घालावेत, हे मी येईल त्याला सांगतो.

पोलादाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण फसवणूक इथेच होते. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द कोणीही कशावरही ठोकू शकतो. चांगला पाना लालबुंद पोलादावर घणाचे साचे आपटून घडवतात, कडेने निघालेली झालर कापतात, मग त्याला पाणी पाजतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो, तेच काम इथे भट्टीच्या घड्याळावर चालते. रॉकवेल सी मापावर कठीणपणा साधारण चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवतात. पाना त्याहून नरम राहिला तर तोंड फाकते, फार कडक झाला तर तुकडा उडतो, आणि तो तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. दुकानात भट्टी दिसत नाही, पण खुणा दिसतात. तोंडाच्या आतल्या बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर असाव्यात, तिथे पॉलिशचे थेंब साचलेले नसावेत, आकडा खोल आणि स्वच्छ उमटलेला असावा. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानके आहेत. पान्यावर तो आकडा आहे का, ते पाहावे.

लांबीकडे मात्र कोणी बघत नाही. १० चा पाना १३-१४ सेंटिमीटरचा आणि १९ चा त्याच्या दीडपट-पावणेदोनपट लांब असतो, तो हिशेबाने. सहा मिलिमीटरच्या साध्या चांगल्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर ताण पुरतो. १३ सेंटिमीटरच्या पान्यावर आठेक किलोचा जोर दिला की तो पुरा होतो. त्याच पान्यावर अर्धा मीटर पाइप चढवला तर तेवढ्याच जोरात चौपट ताण पडतो. बोल्ट मुंडकीपाशी तुटतो आणि त्याचा अर्धा भाग इंजिनात अडकून बसतो.

गोट्यांच्या बाबतीत माझा आग्रह सहा कोनी गोटीचा. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी तीस अंशांत बसते, सहा कोनीला साठ अंश फिरावे लागते, हे खरे. पण घट्ट बसलेला, गंजलेला नट काढताना सहा कोनी गोटी कोपरे राखते. रॅचेट घेताना दात मोजावेत. ७२ दातांचा रॅचेट पाच अंशांत पुढचा दात पकडतो, २४ दातांच्याला पंधरा अंश लागतात. बॅटरीमागे हात शिरत नाही तिथे हा फरक कळतो. आणि चकचकीत क्रोमच्या गोट्या हवेच्या गनवर कधीही लावू नयेत. त्या तडकतात. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या वेगळ्या मिळतात.

स्लायड पान्याची लोक टिंगल करतात, ती मला पटत नाही. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे पेटंट घेतले. नळाच्या चेकनटला, एखाद्या अडनिड्या मापाला तो लागतोच. फक्त जोर स्थिर जबड्यावर पडेल असा लावावा, हलत्या जबड्यावर भार देऊ नये. स्वीडनशी आपलेही नाते आहे. नाशिकच्या सातपूर वसाहतीत टपारियाने स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवायला सुरुवात केली, आणि आज गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात ती मिळतात. जालंधर आणि लुधियानाचा माल तर जगभर जातो. देशी पाना म्हणजे कच्चा, ही समजूत आता सोडायला हवी. कच्चा असतो तो नाव नसलेला.

पाने घ्यायचे तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. जाताना खिशात आपल्या गाडीचे दोन नट न्यावेत. त्या पोराला घेऊन मी गेलो, तेव्हा त्याने १२ च्या नटावर तीन कंपन्यांचे पाने चढवून पाहिले. पहिला खुळखुळला, दुसऱ्याच्या तोंडात पॉलिशचा गोळा होता, तिसरा हलक्या हाताने बसला. ८ ते १७ मधले त्याच्या गाडीला लागणारे सहा पाने, १० आणि १२ च्या दोन सहा कोनी गोट्या आणि एक रॅचेट, एवढेच घेतले. खोके घेतले नाही. पाने गुंडाळायला त्याच्या आईने जुन्या जीन्सची पट्टी शिवून दिली.

जुनी हत्यारे हवी असतील तर पुण्याचा जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. तिथे कधी कधी व्हिटवर्थ पाने सापडतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे माप ठरवून दिले. या पान्यांवरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेल्या पान्याचे तोंड भरते ०.५२५ इंच, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरच्या किंचित वर. १३ चा पाना त्या नटावर चढत नाही, १४ चा कोपरे खातो. जुनी बुलेट बाळगणाऱ्यांना हे पाने म्हणूनच लागतात. गेल्या रविवारी गंजाच्या थराखाली मला ‘१/४ डब्ल्यू’ अशी खूण दिसली. तो पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, सकाळी तारेच्या ब्रशने घासला. तोंड जसेच्या तसे निघाले. आता तो शेडमध्ये बुलेटवाल्यांच्या खिळ्यावर टांगला आहे.