चोवीस-सत्तर घ्यायची का?

कॅमेरा हाती आला की सल्ला ठरलेला असतो: किट लेन्स काढून टाक आणि २४-७० मिमी, एफ/२.८ घे. लेन्स उत्तम आहे, यात वाद नाही. पण ती तुमच्या फोटोंना लागते का, हा प्रश्न वेगळा आहे. तो न विचारताच कष्टाचे पैसे खर्च होतात याची मला खरोखर हळहळ वाटते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज सेन्सरचा. २४-७० हे आकडे ३६ × २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरसाठी आखलेले आहेत. नवशिक्यांच्या हातात बहुधा असतो एपीएस-सी कॅमेरा. त्यावर दीड पटीच्या हिशेबाने (कॅननवर १.६) हीच लेन्स ३६-१०५ सारखी वागते. म्हणजे रुंद बाजूच हातची जाते. दोन खोल्यांच्या घरातलं बारसं टिपताना पाठ भिंतीला टेकते आणि तरी आत्या फ्रेमबाहेर राहते. अशा कॅमेऱ्याला १७-५० किंवा १८-५० एफ/२.८ हवी. ५५ मिमीला किट लेन्स एफ/५.६ पर्यंतच उघडते, एफ/२.८ तिच्या चौपट प्रकाश आत घेते. फरक पडतो तो इथे.

‘एफ/२.८ असली की अंधाराची चिंता नाही’ हेही अर्धंच खरं. एफ/४ पेक्षा ती दुप्पट प्रकाश घेते, पण एफ/१.४ ची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, लेन्स तिच्याही चौपट घेते. शिवाय अंधार सगळीकडे सारखा नसतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, पण चित्रं हलत नाहीत. स्टॅबिलायझर असलेली एफ/४ लेन्स तिथे सेकंदाच्या पंधराव्या भागालाही धारदार फोटो देऊ शकते. तोच शटर रात्रीच्या मिरवणुकीत लावा: लेझीम खेळणारी मुलं पुसट होतील. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. एफ/२.८ ला १/३० चा शटर मिळत असेल, तर त्याच उजेडात एफ/१.४ ला १/१२५ मिळतो. मिरवणुकाच टिपत असाल, तर साधी प्राइम जास्त कामाची.

मागची बाजू धूसर करायला एफ/२.८ च लागते, असंही सांगितलं जातं. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागून पाहा: ७० भागिले २.८ म्हणजे २५ मिमी. १०५ भागिले ४ म्हणजे सव्वीसहून थोडं अधिक. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला, तर २४-१०५ एफ/४ दूरची पार्श्वभूमी जवळपास तितकीच, किंचित जास्तच, विरघळवते.

झूमचे फोटो मऊ येतात ही समजूत मात्र जुन्या काळातली. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोइग्टलेंडरची झूमार ३६-८२, १९५९ साली आली. त्या पिढीतल्या लेन्सेसबद्दल ती समजूत रास्त होती. आजच्या चांगल्या झूमवर एफ/५.६ ला काढलेला फोटो छापल्यावर प्राइमपासून ओळखणं कठीण.

मग ही लेन्स खरी कुणाची? लग्नं टिपणाऱ्यांची. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, हार पडतात. त्या अर्ध्या मिनिटात २४ ला अख्खा मांडव आणि ७० ला नवरीचा चेहरा हवा असतो, आणि अक्षतांच्या वर्षावात लेन्स बदलायला कुणी जाऊ नये. तिथे तिला पर्याय नाही. भिगवणला रोहित पक्षी टिपायचे असतील तर ७० मिमीला गुलाबी ठिपके दिसतील. तिथे ४०० च्या पुढचं काम. आणि सिंहगड चढताना वजनही मोजा: कॅननची ईएफ २४-७० एफ/२.८ (दुसरी आवृत्ती) ८०५ ग्रॅमची, तर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची.

निर्णयासाठी आपलेच जुने फोटो काढा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ, शटर आणि आयएसओची नोंद असते. किट लेन्सचे बरेचसे फोटो १८ वरच असतील, तर तुम्हाला आणखी रुंद हवं आहे. ५५ वर अडले असतील, तर लांबची लेन्स. एकाच आकड्याभोवती जमले असतील, तर त्या आकड्याची प्राइम स्वस्तात काम करेल. फोटो सगळीकडे विखुरलेले असतील आणि घरातल्या फोटोंचा आयएसओ सतत वर चढलेला असेल, तर एफ/२.८ झूम तुमच्यासाठी आहे. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळते. विकत घेण्याआधी घरच्या एखाद्या कार्याला ती आणून दिवसभर गळ्यात वागवून पाहा.