खुब्यातला धातू आणि हरवलेले रुग्ण

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याला सामावून घेणारी कमरेच्या हाडातील वाटी मिळून खुब्याचा सांधा बनतो. तो झिजला, किंवा रक्तपुरवठा तुटून माथ्याचे हाड मृत झाले, की कृत्रिम सांधा बसवतात. बहुतेक कृत्रिम सांध्यांच्या वाटीला टणक प्लास्टिकचे अस्तर असते. मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात गोळा व वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असलेले सांधेही जगभर खपले. धातू प्लास्टिकपेक्षा कमी झिजेल आणि गोळा मोठा ठेवता आल्याने तो सहजी निखळणार नाही, हा त्यामागचा हिशेब तरुण रुग्णांना पटण्याजोगाच होता.

धातूवर धातू घासून सुटणारा चुरा वजनाने किरकोळ असला, तरी त्याचे कण मिलिमीटरच्या दशलक्षांश भागात मोजावे लागतील इतके बारीक आणि म्हणूनच संख्येने अफाट असतात; शरीरद्रवात ते विरघळू लागले की विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटतात आणि रक्तात मिसळतात. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ सांध्याची वाटी उथळ असल्याने ती किंचित तिरपी बसली तरी भार कडेवर येई, वंगणाचे काम करणारा द्रवाचा पातळ थर तुटे आणि झीज अनेक पटींनी वाढे. परिणामी सांध्याभोवतालचे मांस काळपट पडते, ऊती मरतात, कर्करोगाशी संबंध नसलेल्या गाठी होतात. रक्तातील कोबाल्ट फार वाढल्यास श्रवण, दृष्टी, थायरॉईड आणि हृदयाचे स्नायू यांनाही इजा पोचू शकते. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० मध्ये लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी ठरवली. तथापि वेदना आणि हा आकडा नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. काही रुग्णांत दुखणे नसतानाही आतील ऊती खराब झालेल्या आढळतात, म्हणून रक्ततपासणीच्या जोडीला प्रतिमा-तपासणीही लागते.

हा दोष उघडकीस आला तो मुख्यतः नोंदींमुळे. प्रत्येक कृत्रिम सांध्याचे पुढे काय झाले याची राष्ट्रीय नोंदवही ऑस्ट्रेलियात होती, म्हणून तेथील बाजारातून हा सांधा २००९ मध्येच मागे घेतला गेला. जगभरातून तो ऑगस्ट २०१० मध्ये परत बोलावण्यात आला. भारतात अशी सक्तीची नोंदवही नव्हती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र, महेश झगडे आयुक्त असताना, प्रकरण धसास लावून मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. पुढे केंद्राने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जे चित्र आले, ते धातूच्या झिजेपेक्षाही अस्वस्थ करणारे होते: देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या आणि सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच नाही. २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले खरे, पण जो सापडतच नाही त्याला भरपाई पोचावी कशी?

धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जवळचा आहे. उमरगा, तुळजापूर किंवा परंड्याचा रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सोलापूर, लातूर, पुणे वा मुंबई गाठतो. त्याचे कागद तिथल्या रुग्णालयात राहतात आणि त्या वेळी दिलेला मोबाईल क्रमांक पुढे बदलतो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने घाबरण्याचे कारण नाही, कारण प्लास्टिकचे अस्तर वा सिरॅमिकचा गोळा असलेले सांधे या प्रकारात मोडत नाहीत. परंतु २०१० पर्यंतच्या दशकात ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर चिकटवलेले सांध्याचे नाव व क्रमांकाचे लेबल शोधून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सांधा धातूवर धातूचा निघाल्यास दुखत नसले तरी कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्यावी आणि रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीतच घेतले जाते ना, हे प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.