राख, टार्गेट आणि ३१ मार्च

१४ फेब्रुवारी २०२४. अख्खं ऑफिस लाल. रिसेप्शनवर हार्टच्या आकाराचे फुगे, एचआरवाल्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलेलं चॉकलेट. आणि मी? कपाळावर राख लावून कार्ड पंच करतेय! त्या वर्षी व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच दिवशी आले होते. राखेचा बुधवार म्हणजे आमच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात. माणूस मातीचाच आहे, हे लक्षात राहावं म्हणून.

वसईला पहाटेची मिस्सा करून लोकल पकडली. अंधेरीपर्यंतच्या धक्काबुक्कीत राख टिकली, लिफ्टमध्ये मात्र गेली. "अगं, कपाळाला काय लागलंय?" म्हणत मैत्रिणीने प्रेमाने रुमालाने पुसूनच टाकली. मी गप्प. खरं सांगू? सुटल्यासारखंच वाटलं.

तसा ऑफिसात त्रास काहीच नाही. आडनाव ऐकून "गोव्याची का?" आणि मग "मराठी किती छान बोलतेस!" हे ठरलेलं. (अहो, फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वसईचेच!) उपवासाचं तर कुणाला अप्रूपच नाही. एकीची चतुर्थी, एकाचा श्रावण, माझे चाळीस दिवस. शुक्रवारी कँटीनमध्ये चिकन बिर्याणी असते, एवढीच काय ती परीक्षा.

खरी परीक्षा मार्चएंडला आली. त्या वर्षी ईस्टर नेमका ३१ मार्चला, रविवारी. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँकाही त्या दिवशी उघड्या ठेवायला लावल्या होत्या, मग आम्हा अकाउंट्सवाल्यांना कसली सुट्टी! पवित्र गुरुवारी, म्हणजे २८ तारखेला, दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टार्गेट थोडक्यात हुकत होतं. "चार डीलर्सची इन्व्हॉइस टाकून दे. माल गोडाऊनमध्येच राहू दे. एप्रिलमध्ये क्रेडिट नोट मारू. सगळेच करतात गं."

'सर, हे खोटं आहे' असं मी बाणेदारपणे म्हटलं असेल, असं वाटतंय? छे! मी म्हटलं, "सर, गेटपास नाही, ऑडिटमध्ये अडकेल." देवाचं नाव काढलं नाही, ऑडिटरचं काढलं. साहेबांनी दोन सेकंद पाहिलं आणि माझ्या शेजारच्याला हाक मारली. त्याच्या डोक्यावर होमलोन, मुलीची अ‍ॅडमिशन तोंडावर. अर्ध्या तासात चारही इन्व्हॉइस तयार.

मी रागाने साडेपाचलाच निघाले. त्याला 'बाय'सुद्धा केलं नाही. चर्चमध्ये पोहोचले तेव्हा फादर बारा जणांचे पाय धूत होते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. मागे उभी राहून सहज मनात आलं, यहूदाही तेव्हा तिथेच होता. त्याचेही पाय धुतले होते. मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी धड बोललेही नव्हते.

मग शनिवारी कुमसाराला गेले. रांगेत उभी राहून मनात तयारी चाललेली, साहेबांना कसा नकार दिला ते कुठे बसवायचं याची. आणि एकदम आठवली माझी टॅक्सीची व्हाउचर्स. बँकेत जाताना मी बसने जायचे आणि क्लेम टॅक्सीचा करायचे. वर्ष-दीड वर्ष! त्यावर कधी एक रात्र झोप उडाली नव्हती. सगळेच करतात, नाही का? आत गेल्यावर साहेब राहिलेच, व्हाउचर्सच सांगितली.

एप्रिलमध्ये चारही क्रेडिट नोट्स निघाल्या. अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे 'टीम प्लेअर नाही' असा शेरा आला, इन्क्रिमेंट निम्मं. शेजारच्याला पूर्ण. रडले. घरी पप्पा म्हणाले, "नोकरी तर आहे ना?" यावर वाद घालायलाही जागा नव्हती. व्हाउचर्स आता बसचीच लावते. त्यावर साहेबांनी एकदा विचारलंही, "बँकेत जाणं बंद केलंस का?"

शेजारच्याशी बोलायला मला जून उजाडला. डब्यात बोंबील होते, अर्धे त्याच्या झाकणात ठेवले. तो म्हणाला, "त्या दिवशी तू खरंच ऑडिटला घाबरलीस?"

"नाही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं, व्हाउचर्ससकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मला पण रात्री झोप लागत नव्हती. पण मला कुठे रांग लावायची ते माहीत नाही ना."

२०२५ चा राखेचा बुधवार ५ मार्चला आला. लिफ्टमध्ये मैत्रिणीने सवयीने रुमाल काढला.

"राहू दे," मी म्हटलं. आणि सातव्या मजल्यापर्यंत तिला झावळ्यांपासून सगळं सांगत बसले. तिचा प्रश्न एकच, "म्हणजे आज माझ्या डब्यातलं खाणार नाहीस?"