पेढीवरचे माळवद

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जुन्या दुकानाचे तोंड पाहून मालकाच्या ऐपतीचा अंदाज बांधायला जाऊ नये. रस्त्याकडे जेमतेम दोन-तीन खण, पुढे दगडी ओटा, वर साधा सज्जा. आत शिरल्यावर मात्र इमारत संपता संपत नाही. पेढी, तिच्यामागे माजघर, मग चौक, चौकापलीकडे कोठार, आणि शेवटी मागच्या बोळात उघडणारे दार. त्या दारापाशी बैलगाड्या लागत. रस्त्यावरची जागा महाग आणि खोली स्वस्त, हा त्यातला हिशेब. दुसराही एक होता. श्रीमंती रस्त्यावर मांडली की चोर येतो, उसनवारीवाला येतो आणि करवसुलीवालाही येतो.

सगळेच व्यापारी असे झाकून राहिले नाहीत. वारदांचे इंद्रभुवन याच शहरात आहे. नक्षीने गच्च भरलेली ती हवेली पुढे महापालिकेकडे गेली आणि आज सोलापूरच्या कुठल्याही कॅलेंडरवर दिसते. पेठेतली दुकाने कॅलेंडरवर येत नाहीत. माझ्या मते सोलापूरचा खरा धंदा समजून घ्यायला हीच दुकाने जास्त कामाची आहेत.

1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली. त्याआधीही मराठवाडा, कर्नाटक आणि पुण्याच्या वाटा इथेच मिळत, पण आगगाडीने कापूस आणि धान्य मुंबईशी जोडले. 1877 मध्ये मुरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला आजही 'जुनी गिरणी' म्हणतात, आणि मुरारजींच्या नावाची पेठही शहरात आहे. गिरणीचे सूत विणकराच्या मागापर्यंत पोचवायला मध्ये पेढी लागायची. व्यापारी सूत उधारीवर देई आणि तयार लुगडी घेऊन खाते वळते करी. या उधारीत विणकर किती पिळला गेला, हा वेगळा आणि कडवट विषय आहे. इमारत मात्र याच व्यवहारासाठी बेतलेली होती.

दर्शनी बाजूला दुकानाला बिजागरीचे दार नसे. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, त्या खाचेत एकेक फळी सरकवायची. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, कारण एकीची जागा दुसरीला चालत नसे. शेवटच्या फळीवर आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. सकाळी फळ्या निघाल्या की अख्खे दुकान रस्त्याला खुले. गादीवर तक्क्याला टेकून बसलेल्या शेठजींना ओट्यावरचे गिऱ्हाईक दिसे आणि मान वळवली की कोठाराकडे जाणारी वाटही दिसे. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पोते हलत नसे. मुनीम बैठ्या मेजाशी रोजकीर्द लिही, रात्री त्यावरून खतावणी होई. मराठी खाती बहुधा मोडीत असत, गुजराती पेढ्यांची गुजरातीत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजावे लागत, म्हणून तिजोरी हाताशी हवी. ती गादीमागच्या जाड भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेली असे.

भिंती काळ्या दगडाच्या, हात-दोन हात रुंद, दर्शनी बाजू चुन्यात आणि आतला भराव बहुतेक मातीत. पण वजन भिंतींवर नसते. ते सागवानी खांबांवर असते. खांबाखाली दगडी तळखडा, वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. त्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर.

बाहेरगावच्या माणसाला माळवद हे गरिबीचे लक्षण वाटते. इथल्या हवेत ते शहाणपणाचे होते. सोलापुरात वर्षाला पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. उतरत्या कौलांची गरज कमी आणि उन्हाला अडवायची जास्त. पाटांवर पाला-काटक्यांचा थर, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर चोपण माती. शेतकरी जिला शिव्या घालतो तीच ही खारवट जमीन. तिच्यात सोडियम जास्त असतो. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. म्हणून तिच्यात पीक येत नाही, आणि म्हणूनच तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. वरून पडलेले पाणी हलक्या उतारावरून पन्हळीतून खाली जाते. उजेडासाठी माळवदात साणे ठेवत. आतल्या अंधाऱ्या कोठारात दिवसा तेवढाच प्रकाश.

माळवदाची खोड एकच. दर वर्षी मृगाआधी भेगा बुजवून नवी माती टाकावी लागते. जुनी खरवडून काढायचा कंटाळा केला की थरावर थर चढतो, वजन वाढत जाते आणि कड्या वाकतात. पुष्कळशा इमारती पावसाने पडल्या असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या स्वतःच्याच छपराखाली पडल्या.

रेल्वेने नवे सामानही आणले. लोखंडी गर्डर, मंगळुरी कौले, पन्हळी पत्रा. वरच्या मजल्यांना कमानीच्या खिडक्या, रंगीत काचा आणि चुन्यातली वेलबुट्टी आली. पुढे सिमेंट आले. यात एक गंमत आहे. वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरातच जन्मले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा, अगदी गादी-तक्क्याचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन ते बार्शी लाइट रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले आणि 1926 मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप काढली, म्हणजे थेट काँक्रीटचा धंदा. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' मासिक चालवले होते. पुढे जीवराज गौतमचंद दोशींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथ छापले. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन तिचे संपादक. पेढीवरचा पैसा सगळाच व्याजात फिरत नव्हता, हे सावकारांना सरसकट नावे ठेवताना विसरू नये.

मग या पेढ्यांचा ऱ्हास का झाला? गिरण्या बंद पडल्या, कापडाचा बाजार इतरत्र गेला, हे खरेच. पण इमारतींना जास्त जाचला तो 1947 चा भाडेनियंत्रण कायदा. सप्टेंबर 1940 चे भाडे हा आधार धरला गेला आणि अनेक ठिकाणी पिढ्यानपिढ्या तेच राहिले. नाममात्र भाड्यात मालक माती कशाला टाकेल? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. दोघांच्या मध्ये माळवद गळत राहते.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि माती-दगडाच्या घराची सगळ्यांनीच धास्ती घेतली. ती अनाठायी नव्हती. आठ-दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. पण त्याच गावांत अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खांबांवरचे माळवद जागेवर उभे राहिले. धोका निष्काळजी भिंतीत आणि थरावर थर चढलेल्या मातीत आहे, खणांच्या चौकटीत नाही. हा फरक न करता सगळेच 'धोकादायक' ठरवले की बिल्डरचे काम सोपे होते.

दर्शनी भाग राखून आत काँक्रीटचे गाळे काढणे, याला काही जण जतन म्हणतात. मला ते मान्य नाही. या इमारतींचे सगळे शहाणपण आत आहे आणि दर्शनी भाग तर बांधणाऱ्यांनी मुद्दामच साधा ठेवला होता.

प्रत्येक दुकान वाचवा असे म्हणण्याचा हक्क मला नाही. मालकाला पोट आहे आणि सगळेच खांब आता वाचण्याच्या अवस्थेत नाहीत. पण पेठेतल्या मालकांना विनंती आहे. इमारत पाडायचे ठरले तर आधी वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांना बोलवा, खण मोजू द्या, माळवदाचा छेद काढू द्या. आणि माळ्यावरच्या मोडी चोपड्या रद्दीवाल्याला देण्याआधी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एकदा विचारा.