अल्पपल्ल्याच्या रेडिओ-उपकरणांचा वर्गनिर्णय

वाहनतळाचे दार दुरूनच उघडणारी किल्ली, अंगणातील तापमान घरात दर्शविणारा संवेदक, किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाने गळ्यात बाळगलेले मदतीची हाक देणारे बटण, ही सर्व विद्युच्चुंबकीय लहरी सोडणारी प्रक्षेपकेच होत. आणि तरीही ती विकत घेणाऱ्या युरोपीय गृहस्थास परवान्यासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही. ही मुभा ज्या विचारपूर्वक आखलेल्या हद्दींवर उभी आहे, त्यांचा परिचय सामान्य वाचकास क्वचितच होतो.

युरोपीय संघाचा मार्च १९९९ मधील निर्देश व त्यापाठोपाठ एप्रिल २००० मध्ये झालेला निर्णय यांनी रेडिओ-उपकरणांचे दोन वर्ग ठरविले: ज्याचा वापर सर्व सदस्यराष्ट्रांत निर्बंधावाचून करता येतो तो पहिला, आणि ज्याच्या वापरावर एखाद्या राष्ट्रानेही निर्बंध घातला आहे तो दुसरा. दुसऱ्या वर्गातील उपकरणावर पूर्वी वर्तुळातील उद्गारचिन्ह छापावे लागे. २०१४ च्या निर्देशापासून ते चिन्ह गेले, आणि निर्बंध कोणत्या राष्ट्रांत आहे हे वेष्टनावर नमूद करणे आले. वर्ग म्हणजे गुणवत्तेची प्रतवारी, असा पुष्कळांचा समज असतो. पण आरोग्य व सुरक्षितता, इतर यंत्रांस अडथळा न होणे आणि लहरींचा काटकसरीने उपयोग, या मूलभूत अटी दोन्ही वर्गांस सारख्याच बंधनकारक आहेत.

वर्ग ठरविताना वारंवारता, प्रक्षेपित शक्ती आणि बोलण्याचा, म्हणजे प्रक्षेपणाचा, कालावधी या तिन्ही गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात, आणि त्यांत तिसरी मला सर्वांत मनोज्ञ वाटते. ८६८.० ते ८६८.६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २५ मिलिवॉटपर्यंत शक्ती वापरता येते, परंतु वाहिनी मोकळी आहे की नाही हे आधी ऐकून घेण्याची सोय नसलेल्या उपकरणास तासातील एक टक्का, म्हणजे छत्तीस सेकंद, एवढाच वेळ बोलता येते. त्याच्या पलीकडे ८६८.७ ते ८६९.२ मध्ये हा वाटा ३.६ सेकंदांवर येतो, आणि ८६९.४ ते ८६९.६५ मध्ये मात्र ५०० मिलिवॉट व तासाला सहा मिनिटे मिळतात. कालव्याच्या पाण्याची पाळी जशी शेतकऱ्यांत वाटून दिली जाते, तशीच ही लहरींची पाळी होय; फरक इतकाच की येथे वाटेकरी एकमेकांस ओळखतही नाहीत.

शक्तीच्या बाबतीत चूक होण्याचा संभव अधिक असतो, कारण मर्यादा परिपथातून निघणाऱ्या शक्तीस नसून अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीस आहे, आणि तीही अर्धतरंग द्विध्रुव या प्रमाणभूत अँटेनाच्या तुलनेत मोजावयाची. परिपथ नेमके २५ मिलिवॉट देत असेल, आणि त्यास द्विध्रुवाहून एक डेसिबल अधिक जोर देणारा अँटेना जोडला, तर ठरावीक दिशेने सुमारे ३१ मिलिवॉट जातात, आणि परिपथातील एकही भाग न बदलता उपकरण मर्यादेबाहेर पडते.

या पट्ट्यांच्या मांडणीत ८६९.२० ते ८६९.२५ हा केवळ पन्नास किलोहर्ट्झचा अरुंद तुकडा वृद्ध व अपंग यांच्या मदतसूचनेसाठी राखलेला आहे. शक्ती दहा मिलिवॉट, कालावधी ०.१ टक्का. पडून उठता न येणाऱ्या माणसाची हाक खेळण्यांच्या व संवेदकांच्या गजबजाटात हरवू नये, यासाठी शासनांनी आपसांत वाटाघाटी करून ही जागा मोकळी ठेवावी, यातली मानवी बुद्धी अतिशय आदरणीय आहे.

मुलूख बदलला की हिशेबही बदलतो. युरोपासाठी ८६८.३ मेगाहर्ट्झवर जुळविलेले उपकरण अमेरिकेत चालत नाही, कारण तेथील या प्रकारचा पट्टा ९०२ पासून ९२८ पर्यंत आहे. आणि भारताने २००५ मध्ये जो पट्टा परवानामुक्त केला तो ८६५ ते ८६७ चा असून त्याच्या शक्तीच्या अटीही वेगळ्या आहेत. त्यामुळे निर्यातीसाठी उपकरण रचणाऱ्या आपल्याकडील कारखानदारास प्रत्येक बाजारपेठेसाठी मापन आणि वर्गनिर्णय नव्याने करावा लागतो. युरोपात वर्ग ओळखण्याची जबाबदारी प्रथमतः उत्पादकाचीच असते, आणि मापनांचे तपशील व अनुरूपतेची घोषणा हे दस्तऐवज त्याने उपकरण बाजारात आणल्यापासून दहा वर्षे जपून ठेवावयाचे असतात.