पडद्यावरचा जादूगार

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील एका उपाहारगृहाच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी आपली चलच्चित्रे लोकांना दाखविली. पडद्यावरील चित्रे हलू लागलेली पाहून प्रेक्षक थक्क झाले. त्यांत ३४ वर्षांचा एक जादूगार होता. त्याचे नाव जॉर्ज मेलिएस.

मेलिएसचा जन्म १८६१ साली पॅरिस येथे झाला. वडिलांचा जोड्यांचा कारखाना होता. पण मुलाचे मन रमे ते चित्रकलेत व जादूच्या खेळांत. १८८८ साली त्याने धंद्यातील आपला वाटा भावांना विकला आणि जादूच्या प्रयोगांकरिता प्रसिद्ध असलेले एक नाट्यगृह विकत घेतले.

ल्युमिएर यांनी आपले यंत्र त्यास विकण्याचे नाकारले. तेव्हा त्याने लंडनहून दुसरे यंत्र मिळविले व त्यावरून स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. ल्युमिएर बंधू प्रत्यक्ष जग टिपीत. मेलिएसने कल्पनेतील जग दाखवावयाचे ठरविले. चित्रण मध्येच थांबवावयाचे, समोरील माणसास दूर करावयाचे आणि यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, की पडद्यावर तो माणूस क्षणार्धात अदृश्य होई! १८९७ साली त्याने मोंत्रय येथे सूर्यप्रकाश भरपूर मिळावा म्हणून काचेचा स्टुडिओ उभारला. तेथे कथा, नेपथ्य, दिग्दर्शन आणि पुष्कळदा प्रमुख भूमिकाही तोच करी.

१९०२ सालचा 'चंद्रप्रवास' हा त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट. प्रवाशांचा तोफगोळा चंद्राच्या डोळ्यात रुतून बसतो, हे दृश्य जगभर प्रसिद्ध झाले. परंतु अमेरिकेत अनेकांनी त्याच्या चोरट्या प्रती काढून पैसा मिळविला. मेलिएसच्या हाती त्यातील काही आले नाही.

पुढे लोकांची आवड पालटली. मोठ्या कंपन्यांपुढे त्याचा निभाव लागेना. १९१३ च्या सुमारास त्याचे चित्रपट बंद पडले. १९२३ साली नाट्यगृह पाडले गेले, स्टुडिओही हातचा गेला. निराशेच्या भरात त्याने आपल्या चित्रपटांच्या मूळ फिती स्वतःच जाळून टाकल्या. एके काळी पॅरिसला मोहून टाकणारा हा कलावंत मग मोंपार्नास रेल्वे स्थानकावरील एका लहानशा दुकानात खेळणी विकू लागला.

सुदैवाने काही रसिकांना त्याची आठवण झाली. १९२९ साली पॅरिसमध्ये त्याचा मोठा गौरव करण्यात आला. १९३१ साली त्यास सन्मानपदक मिळाले. ते प्रदान केले लुई ल्युमिएर यांनी! १९३८ साली मेलिएस निवर्तला.

त्याच्या ५०० हून अधिक चित्रपटांपैकी सुमारे २०० आज उरले आहेत. 'चंद्रप्रवास'ची हाताने रंगविलेली एक जीर्ण प्रत १९९३ साली स्पेनमध्ये सापडली. तज्ज्ञांनी अनेक वर्षे खपून तिची चित्रे जुळविली आणि २०११ साली ती पुन्हा पडद्यावर आली. निर्मात्याने निराश होऊन जे अग्नीत टाकले, त्यातील काही अनोळखी हातांनी जपले म्हणूनच आज आपणांस पाहावयास मिळते. कला निर्माण करणाऱ्याइतकेच ती जतन करणाऱ्याचेही ऋण जगावर असते.