ओला, सुका आणि पिवळी पिशवी

महासाथ आली की शहरात कचऱ्याचे डोंगर उभे राहतात, असं बहुतेकांना वाटतं. पुण्यात 2020 च्या एप्रिल-मेमध्ये उलटंच झालं. हॉटेलं, मंगल कार्यालयं, ऑफिसं, मॉल सगळं बंद, त्यामुळे रोजचा कचरा चांगलाच घटला. तरी माझ्या नोकरीतले सगळ्यांत अवघड महिने तेच. मी तेव्हा पुण्यात आरोग्य निरीक्षक होते. सकाळी कोठीवर हजेरी घ्यायची, गाड्या सुटल्या का बघायचं, कुठली गल्ली राहिली त्याची तक्रार ऐकायची, हे काम अंगवळणी पडलेलं. त्या दिवसांत गाड्या निम्म्या भरून येत होत्या, पण बादलीत काय निघेल याचा भरवसा उरला नव्हता. भाजीच्या देठांत वापरलेला मास्क, दुधाच्या पिशवीत कोंबलेले हातमोजे, औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांसोबत इंजेक्शनची सुई.

साथीतला कचरा किती आहे, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. तो कशात मिसळला आहे, हा पहिला. एवढं एक कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

कचरा शेवटी कुणाच्या हातात जातो

राज्यातले पहिले कोरोनाबाधित 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले. पंधरवड्यात सगळं बंद झालं. बंद न झालेल्या मोजक्या गोष्टींत कचरा उचलणं होतं. पुण्यात बऱ्याच भागांत हे काम ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ आली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. तीन हजारांहून जास्त सभासद, बहुसंख्य बायका. महिन्याला घरटी ठरलेले पैसे आणि सुका कचरा विकून येतील ते, अशी त्यांची दुहेरी कमाई.

लॉकडाऊनने दुसरी कमाई एका झटक्यात गेली, कारण भंगारची दुकानं बंद. पुठ्ठा, पत्रा, बाटल्या निवडून ठेवायच्या, पण घेणारा कुणी नाही. काही सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली आणि महिन्याचे पैसेही थांबवले. मात्र कचरा दारात ठेवायचं कुणी थांबवलं नाही.

माझ्या हद्दीतल्या एका बाईंचं काम मी जवळून पाहत असे. ढकलगाडी फीडर पॉइंटला, म्हणजे मोठी गाडी कचरा घ्यायला येते त्या जागी, लावायची, डबा पालथा करायचा आणि हाताने वेगळं करायला बसायचं. दुधाची पिशवी एकीकडे, पाण्याची बाटली दुसरीकडे, रद्दी तिसरीकडे. गाठ मारलेली पिशवी आली की त्या आधी बाहेरून दाबून बघत. आत कडक काही लागलं तर गाठ न सोडता खालून फाडत. सुई टोचू नये म्हणून बोटांना लागलेली ही सवय होती. हातमोजे मिळाले होते, पण रबरी मोज्यांनी पिशवीची गाठ सुटत नाही आणि दोन दिवसांत ते बोटांशी फाटतात. मी एकदा मोजे घालायला सांगितलं, तर म्हणाल्या, “मॅडम, मोजे आमाला नका सांगू, गाठी मारनाऱ्यांना सांगा.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

बहात्तर तास कुठून आले

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च 2020 मध्ये कोविड कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढच्या काही महिन्यांत त्या पुन्हा पुन्हा सुधारल्या. त्यातला सामान्य घरांसाठीचा नियम असा: घरात कुणी बाधित नसेल तर वापरलेला मास्क आणि हातमोजे कापून कागदी पिशवीत किमान 72 तास ठेवायचे, मग सुक्या कचऱ्यात टाकायचे.

72 तासांना आधार होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतले निष्कर्ष मांडले होते. हा विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर दोन-तीन दिवस टिकलेला दिसला, पुठ्ठ्यावर एका दिवसापर्यंत आणि तांब्यावर चार तासांपर्यंत. तीन दिवस थांबलं की विषाणू निष्प्रभ, असा हिशेब. मास्क कापायचा तो अशासाठी, की गोळा करून, धुऊन, पुन्हा कुणी विकू नये. कापडासारखा दिसला तरी तीनपदरी मास्क पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो. मातीत तो कुजत नाही.

पुढे कळलं की कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लागून होणारा संसर्ग त्यामानाने फार कमी. मग तो नियम फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. कचरा निवडणारीला कावीळ, धनुर्वात, सुईतून येणारे आजार यांचा धोका कोरोनाच्या आधीही होता, आजही आहे. वेगळं बांधून दिलेली पिशवी या सगळ्यांपासून तिला वाचवते.

सगळंच पिवळ्या पिशवीत नको

दवाखान्याच्या कचऱ्याचे 2016 चे नियम चार रंगांवर चालतात. रक्त-स्राव लागलेलं ड्रेसिंग, कापूस पिवळ्यात. सलाइनची नळी, सिरिंज अशी प्लास्टिकची साधनं लाल पिशवीत. सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. पिवळ्या पिशवीतलं बहुतेक भट्टीत जाळतात. भट्टीला दोन कप्पे असतात आणि दुसऱ्यात धूर हजार अंशांच्या वर तापवावा लागतो, नाहीतर विषारी वायू बाहेर पडतात. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवून ठेवायचा नाही, असाही नियम आहे.

साथीच्या सुरुवातीला भीतीपोटी सगळंच पिवळ्या पिशवीत जाऊ लागलं. रुग्णाच्या जेवणाची ताटली, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, पेपरसुद्धा. भट्ट्यांवर ताण आला आणि जाळायची गरज नसलेलं प्लास्टिक जळू लागलं. म्हणून सुधारित सूचनांत स्पष्ट करण्यात आलं की विलगीकरणातल्या माणसाचं उष्टं-खरकटं, वेष्टनं, रिकाम्या बाटल्या हा साधाच घनकचरा आहे. तो नीट बांधून वेगळा द्यायचा. पिवळ्यात फक्त रुग्णाचे मास्क, हातमोजे, थुंकी किंवा स्राव लागलेल्या वस्तू.

आकडे बघितले की ही काटकसर का हवी होती ते कळतं. जून ते डिसेंबर 2020 या सात महिन्यांत देशात सुमारे 33 हजार टन कोविड-जैववैद्यकीय कचरा निघाला आणि त्यात महाराष्ट्र सगळ्यांत पुढे होता. मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत देशाचा रोजचा आकडा दोनशे टनांच्या घरात गेला. एवढं ओझं वाहताना त्यात उष्ट्या ताटल्यांची भर परवडणारी नव्हती.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं गोळेगाव, म्हणजे लेण्याद्रीचा पायथा. भावाचं तिथे हार-नारळाचं दुकान. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरातल्या लेण्यात आहे. एरवी चतुर्थीला पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. गर्दीमागे नारळाच्या शेंड्या, हार-दुर्वा, पाण्याच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या पिशव्या उरतात. मार्च 2020 मध्ये देऊळ बंद झालं आणि हा सगळा कचरा थांबला.

त्याच सुमाराला मुंबईकर गावी आले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ हा डबेवाल्यांचा मुलूख. लोकल थांबली, डबे थांबले, माणसं घरी आली आणि गावोगावच्या शाळांत विलगीकरण सुरू झालं. पुढे लेण्याद्रीलाच भाविकांच्या निवासाच्या इमारतीत कोविड केअर सेंटर झालं. शेजारच्या आंबेगावात अवसरीला मोठं कोविड रुग्णालय उभं राहिलं. ज्या जागी लोक दर्शनाला येत, तिथे रुग्ण चौदा-चौदा दिवस राहू लागले. त्यांची दोन वेळची ताटं, चहाचे कागदी कप, मास्क, औषधं यांतून निघणारा कचरा अगदी शहरी होता आणि गाव मात्र गावच.

गावाकडे कचऱ्याची जुनी सोय म्हणजे उकिरडा. शेण, पाचट, राख, खरकटं सगळं तिथे पडतं आणि पावसाळ्याआधी खत म्हणून शेतात जातं. ती सोय आजही शहाणपणाची आहे, पण उकिरडा पाचट पचवतो, मास्क पचवत नाही. तिथे पडलेला मास्क खताबरोबर वावरात जातो. भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, पिवळ्या पिशवीला गाडी येती, ते ठीक. पण घराघरातल्याचं काय?” मी त्याला जे पुण्यात सांगत होते तेच सांगितलं. ओलं उकिरड्यावर जाऊ दे. सुकं पोत्यात साठव. मास्कची कागदी पिशवी वेगळी ठेव आणि ग्रामपंचायतीची गाडी येईल तेव्हाच दे. आणि जाळू नको. गावात कचऱ्याला काडी लावणं सगळ्यांत सोपं असतं, पण परसातल्या त्या धुरावर भट्टीतल्यासारखी कुठलीच प्रक्रिया होत नाही.

16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मंदिरं उघडली. त्यानंतर मी गेले तेव्हा पायऱ्यांच्या कडेला निळे मास्क पडलेले होते. लेण्याद्रीची माकडं खाऊची पिशवी हिसकावण्यात पटाईत. एक पिल्लू मास्कचा नाडा दातात धरून ओढत होतं, खायचं आहे की काय ते बघत. आईने तो त्याच्याकडून घेतला, हुंगला, फेकून दिला. खालच्या पायरीवरच्या दुसऱ्या पिल्लाने तो उचलला. कचराकुंडी दहा पावलांवर होती.

रँडपासून सुरतपर्यंत

साथ आणि कचरा यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. सरकारने फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करायला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याचे सोल्जर घराघरांत शिरले, लोकांची अब्रू आणि सामान दोन्ही उधळलं, आणि जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. 2020 मध्ये राज्याने लागू केला तो हाच कायदा. त्याने माणसं घरात थांबवता येतात. बादलीत ओलं-सुकं वेगळं करणं मात्र कुठल्याही सोल्जरला जमलं नाही, पुढेही जमणार नाही.

याच्या उलट उदाहरण सुरतचं. सप्टेंबर 1994 मध्ये पूर ओसरल्यावर, कुजलेल्या कचऱ्याच्या आणि मेलेल्या जनावरांच्या शहरात प्लेग आला आणि लाखो लोक गाव सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी रात्रीची झाडलोट सुरू केली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं, कचरा टाकणाऱ्या हॉटेलांना दंड केले. दोन-तीन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. याच काळात अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातून 2000 साली देशाचे पहिले शहरी घनकचरा नियम आले. म्हणजे आपल्या घरी ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या आल्या, त्यामागेही एक साथ आहे.

जमलं तेही सांगायला हवं

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं आणि जुलै 2022 पर्यंत 200 कोटी डोस दिले गेले. म्हणजे तितक्याच सुया. केंद्रावरची नर्स लस टोचली की तिथल्या तिथे हब कटरमध्ये सुई कापत असे. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, कुपी निळ्यात. गावच्या उपकेंद्रापासून शहरातल्या मोठ्या हॉलपर्यंत पद्धत एकच. कारण कचरा जिथे तयार होतो तिथेच, त्याच हाताने, त्याच क्षणी तो वेगळा होत होता. मागाहून निवडायचं काम उरतच नव्हतं. स्वयंपाकघराचा ओटा आणि हब कटर यांत या बाबतीत काही फरक नाही. वेगळं करायचं ते पहिल्याच हाताने.

नोकरीत मी गाड्या, माणसं, दंड, पत्रकं सगळं वापरून पाहिलं. त्या महिन्यांनी माझं मत पक्कं केलं: साथीसाठी वेगळी कचरा यंत्रणा ऐनवेळी उभी राहत नाही. रोजची यंत्रणाच साथीत उपयोगी पडते किंवा कोलमडते. ज्या इमारतींत आधीपासून तीन बादल्या होत्या, तिथे पिवळी पिशवी चौथी म्हणून निमूट सामावली. जिथे एकच डबा होता, तिथे सगळा गोंधळ त्या एकाच डब्यात झाला. हीच गोष्ट गर्दीच्या तीर्थक्षेत्रांना लागू आहे. लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर इथे लोक शहराइतके येतात आणि कचरा गावाच्या ताकदीवर उचलला जातो. शहराने आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा, एवढी अपेक्षा गावाने का करू नये?

म्हणून वाचकांना चार गोष्टी सांगते, साथ असो वा नसो. ओलं-सुकं ओट्यापाशीच वेगळं करा. पॅड, डायपर, मास्क कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणारी ते उघडणार नाही. सुई, ब्लेड, फुटकी काच झाकणाच्या जाड डब्यात भरा आणि देताना सांगून द्या. आणि कचरा नेणाऱ्या बाईंचे महिन्याचे पैसे वेळेवर द्या, गाव बंद असलं तरी.